केबल आधी माझ्या दारात

सोमवार

माझ्या पोटच्या पोरीचं बोलणं मला जावेच्या तोंडून ऐकावं लागतं. गुडघे दुखतात ते परवडलं, त्यांना निदान तेल चोळता येतं.

हे लिहून टाकलं, आता नमस्कार. वहीबाई, तू लेकीच्या शाळेतली उरलेली, अर्धी कोरी. मी चौथीत शाळा सोडली, अक्षर तिरपं जाईल. पण तू गच्चीवर जाऊन कोणाला काही सांगणार नाहीस, तेवढं मला पुरे.

गच्चीचं असं आहे. आमच्या वस्तीत मोबाइलला रेंज येते ती फक्त धाकटीच्या गच्चीवर. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दोन्ही घरं एका अंगणात, मध्ये कमरेएवढी भिंत. तिला मूलबाळ नाही, दीर जाऊन बरीच वर्षं झाली, आणि देवानं रेंज दिली ती नेमकी तिच्या डोक्यावर. माझी लेक लांबच्या शहरात असते. दिवस भरत आलेत, डॉक्टरनं प्रवासाला बंदी केली म्हणून तिकडेच अडकली आहे. तिचा फोन रोज चहाच्या वेळेला येतो, धाकटीच्या फोनवर, गच्चीवर. त्या जिन्याला कठडा नाही आणि माझे गुडघे पहिल्याच पायरीला नाही म्हणतात. मुलगा म्हणतो, आई, खुर्चीत बसवून वर नेतो. मी काय धान्याचं पोतं आहे, तिच्या जिन्यावरून वर चढवायला?

मग धाकटी वर बोलून खाली येते आणि मला भिंतीवरून सांगते. जाऊबाई, ती बरी आहे. जाऊबाई, तुमची फार आठवण काढत होती. शिळं गरम करून वाढावं तसं. आणि वाढणारीचं तोंड बघावं, भरल्या ताटावरून उठून आलेलं असतं.

मागे लोकरीचे लाल मोजे आणून दिले. म्हणे लेकीनं पाठवलेत, आईचे पाय गार पडतात म्हणून. मोजे चांगले आहेत. पण माझ्या लेकीचं पार्सल हिच्या घरी का यावं?

आज मुलगा दुधाची गाडी लावून आला आणि म्हणाला, जमिनीखालून इंटरनेटची केबल येणार आहे, थेट घरात. मग लेक घरात बसल्या जागी दिसेल, बाळ झालं की बाळही. मी आत जाऊन आरशात बघून केस नीट केले, एवढंच.

गुरुवार

माणसं आली. त्यांच्याबरोबर गाडीच्या चाकापेक्षा मोठं लाकडी रीळ, त्यावर नारिंगी नळी गुंडाळलेली. खणायचं यंत्र वेगळं, त्याला करवतीसारखे दात. ते रस्त्याच्या कडेनं चर पाडत येतं, मागून माणसं नळी टाकतात, अर्धी माती लोटली की त्यावर पिवळी पट्टी अंथरतात, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी पट्टी दिसावी. मुकादम सारखा शिट्टी वाजवत असतो, म्हणून सगळे त्याला शिट्टीवाला म्हणतात. काम मन लावून करतो, पण एकच गाणं येतं बिचाऱ्याला.

मी सुनेला विचारलं, केबल आधी कोणाच्या दारात येणार. म्हणाली, काकूंच्या, मग आपल्या, कारण रस्ता त्या बाजूला आहे.

माझा चहा थंड झाला.

नळाचं काय झालं ते मी विसरलेले नाही. पाइप आधी धाकटीच्या घराला लागतो. तिच्या घरात धार, माझ्या नळाला नुसती फुसफुस. मोटर लावून ओढते, दुसरं काय. ती म्हणते, मोटर घरात नाहीच. असं कोण म्हणणार नाही? आता इंटरनेटही तसंच. माझी लेक नळीतून निघणार, आधी धाकटीच्या घरी थांबणार, ती पोटभर ओढून घेणार, आणि उरलासुरला थेंब माझ्याकडे.

शुक्रवार

शिट्टीवाल्याला बोलावून चहा दिला. म्हटलं, केबल माझ्या लाकडाच्या शेडकडून वरच्या अंगानं आणा, आधी माझ्या घरी, मग तिकडे. त्यानं टाचेनं जमीन ठोकून बघितली आणि म्हणाला, आजी, इथं खाली कातळ लागेल. मी म्हटलं, कातळ मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुडवते आहे, मला काही झालं नाही. तो डोकं खाजवत गेला. सून म्हणाली, आई, हे पाण्यासारखं नाही, यात पहिलं-शेवटचं नसतं. कालची आलेली मला पाण्याचं सांगते. मुलाला सांगून मुकादमाकडून कबूल करून घेतलं.

संध्याकाळी धाकटी भिंतीशी आली. म्हणाली, सरळ आणलं तर लवकर होईल, माझ्या वाफ्यातून गेलं तरी चालेल, तिचे दिवस भरत आलेत. वाफा म्हणजे तिनं लावलेली भाजी, हिवाळ्याची, नुकती धरलेली. मी म्हटलं, घाई तुला आहे का मला? तिनं पदर सावरला आणि गेली. तिची घाई मला कळते. रोजचं ताट तिला तसंच भरलेलं हवं.

रविवार

धाकटी गच्चीवर खूप वेळ. फरशी गार झाली असेल तरी खाली येईना. काय बोलत असेल एवढं माझ्या लेकीशी? लहानपणी ताप आला की लेक भिंत ओलांडून तिच्याकडे जाऊन निजायची, तेव्हापासूनच हे.

बुधवार

कातळ लागला. यंत्राचे दात तुटले. शिट्टीवाल्याची शिट्टी बंद. नवे दात लांबून यायचे आहेत, म्हणून माणसं रीळ इथंच ठेवून पलीकडच्या वस्तीत गेली. माझ्या शेडसमोर एक अर्धवट चर पडला आहे, त्यात शेजारचं कुत्रं आरामात झोपतं.

मुलगा चराकडे बघून सरळ गाडीकडे गेला. आईला बोलायचं नसतं म्हणून नव्हे, बोलण्यासारखं फार होतं म्हणून.

शनिवार

मुलगी झाली.

असं एका ओळीत लिहिते, कारण कळलं तेही असंच. सकाळी भांडी पुसत होते. धाकटी दारात उभी, जिना उतरून धापा टाकत, फोन पदराखाली. म्हणाली, जाऊबाई, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी फडकं पिळत राहिले. मग तिनं फोन पुढे केला, पालथा, तोंड तळहातावर. म्हणाली, फोटो आलाय, वर उतरवून घेतला, पण मी पाहिला नाही. आधी तुम्ही बघा.

पाहिला नाही म्हणे. गच्चीवर एकटी, हातात फोन, आणि पाहिला नाही. कोण विश्वास ठेवील?

मी बघितला. लाल, सुरकुतलेलं, डोळे मिटलेले, ओठ माझ्या सासूचे. सुनेला दाखवला. सून रडली, मी नाही. धाकटी दारातच उभी होती. मी फोन मांडीवर ठेवला आणि सुनेला म्हटलं, चहा टाक. धाकटी जराशी थांबली आणि गेली. संध्याकाळी सुनेनं फोन नेऊन दिला. परत आल्यावर म्हणाली, काकूंनी फोटो उघडून भिंतीला टेकवून ठेवलाय, आणि त्याच्यासमोर बसून भाजी निवडतायत.

म्हणजे तेव्हा खरंच पाहिला नव्हता का? पण मग चेहरा असा कशाला केला होता, सगळं बघून आल्यासारखा?

मंगळवार

सकाळी शिट्टी ऐकू आली. बाहेर जाऊन बघते तर चर धाकटीच्या वाफ्यातून आडवा चाललाय. कोवळी रोपं उपटून एका कडेला, नारिंगी नळी आत. मी मुकादमाला विचारलं, हे कोणी सांगितलं? म्हणाला, त्या बाईंनी, कालच सांगून गेल्या. मी म्हटलं, म्हणजे शेवटी तिचं घर आधी. तो म्हणाला, नाही आजी, त्यांनी केबल घेतलीच नाही. ही फक्त तुमच्या घरी जाते.

ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. मग वाटलं, का घेतली नाही? आता गच्चीचा बाजार उठणार म्हणून फुगून बसली असेल. केबलवाचून अडत नाही, हे मला दाखवायचं असेल. बसू दे.

गुरुवार

आज जोडणी करायला एक बाई आली, पँट घातलेली, केस बांधलेले. नळीतून केबल ओढून माझ्या भिंतीपर्यंत आणली, ती सोलली आणि आतून काचेचा धागा काढला, केसाहून बारीक. मी म्हटलं, यातून माझी लेक येणार? म्हणाली, यातून उजेड येतो आजी. दिवसाढवळ्या उजेड कशाला लागतो ते मी विचारलं नाही, ती गडबडीत होती. दोन धाग्यांची टोकं छोट्या यंत्रात समोरासमोर धरली, एक ठिणगी, आणि जुळली. जोड दिसतही नाही. माझ्या डोळ्यांना तर धागाही दिसत नव्हता.

मग भिंतीवर पांढरं खोकं, त्यावर हिरवे दिवे. लाल लागला तर कळवा म्हणाली. मी विचारलं, शेजारच्या घरातून कोणी ओढून घेऊ शकतं का? ती हसली. म्हणाली, तुमचा धागा तुमचाच आहे. असं आधीच सांगितलं असतं तर यंत्राचे दात वाचले असते.

चहाच्या वेळेला सुनेनं तिचा फोन डब्याला टेकवून ठेवला. घंटी वाजली आणि लेक आली. एवढी जवळ की मी मागे सरले. मांडीवर बाळ. मी म्हटलं, मान नीट धर. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, जेवलीस? ती म्हणाली, हो. बाळानं जांभई दिली. मग ती म्हणाली, काकू कुठंय?

एवढी केबल पुरली, यंत्राचे दात तुटले, आणि पहिलं काय विचारते, तर काकू कुठंय.

मी सांगितलं, झोपलीय. मग पाय वर करून मोजे दाखवले, तू पाठवलेले. ती म्हणाली, कुठले मोजे? बाळंतीण झाली की बाया विसरभोळ्या होतात, हे मला ठाऊक आहे.

रविवार

रोज फोन येतो. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या घरातल्या घड्याळाचे काटे दिसतात. तेच बघत बसते. मी विचारते जेवलीस का, ती हो म्हणते. ती विचारते गुडघे कसे आहेत, मी म्हणते आहेत. मग ती म्हणते, आणखी काय? आणि मी काय सांगू, म्हैस आटली?

धाकटीशी तासन् तास बोलायची. माझ्याशी बोलताना लगेच घड्याळाकडे बघते. चार वेळा तरी विचारलंय, काकू अजून झोपलीय का? काकू दिवसभर झोपते असं वाटलं असेल तिला आता.

सून भांडी घासता घासता म्हणाली, आई, काकू अजून रोज त्याच वेळेला गच्चीवर जातात. फोन वाजत नाही. कपडे वाळत घालतात, मग काढतात, मग पुन्हा घालतात. मी खिडकीतून बघितलं. खरंच, वाळलेला टॉवेल झटकून परत दोरीवर टाकत होती. वाळलेले कपडे वाळत घालणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. खूप छान वाटेल असं वाटलं होतं. थोडंच वाटलं.

मंगळवार

लेक बरी नाही.

ती सांगत नाही, पण मला दिसतं. गळ्याची हाडं वर आलीत. केस परवाचे, कपडे कालचे. मागे खिडकीचा पडदा भर दिवसा ओढलेला. बाळ पाळण्यात रडत होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही, मध्येच कुठेतरी. जावई पाळीच्या कामावर, घरात दुसरं माणूस नाही. मी म्हटलं, असं तोंड का केलंस? ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, बाळंतपण सगळ्या बायकांचं होतं, शेतात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागणाऱ्या बाया मी पाहिल्यात. ती म्हणाली, हो आई, आणि फोन ठेवला.

मी चांगलंच सांगितलं होतं. मग चेहरा असा का मिटला?

नुसता आवाज असता तर मला कळलंही नसतं, बरी आहे म्हणाली असती आणि मी झोपले असते. आता दिसतंय, आणि तिच्या मनातलं काढून घेता येत नाही. धाकटीला काढून घेता येतं. खरं आहे ते खरं आहे.

बुधवार

चहाच्या आधी भिंतीशी गेले. ती दोरीखाली उभी होती. मी म्हटलं, तुझे कपडे वाळले असतील तर इकडे ये.

ती हात पुसून आली, तिला फोनसमोर बसवलं. मी शेजारी खाली पाटावर बसले, फोनच्या बाजूला, म्हणजे लेकीला दिसणार नाही अशी. मोज्यांतले पाय मात्र लांब केले, दुमडले की गुडघा ठणकतो.

घंटी वाजली. लेक म्हणाली, काकू, आणि पुढे बोलेना. धाकटीनं मी विचारते ते काही विचारलंच नाही. म्हणाली, खिडकी उघड बघू आधी. लेकीनं उठून उघडली. मग म्हणाली, काल कोणी वाढलं तुला? मग गप्प बसली. इतकी गप्प की मला वाटलं लाल दिवा लागला. मी खोक्याकडे बघितलं, हिरवाच होता.

तेवढ्यात लेक म्हणाली, "काकू, मला बाळाला उचलायची भीती वाटते. झोप लागत नाही. वाटतं, माझ्याकडून पडेल. आईला सांगू नकोस."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोल म्हणून. माझी लेक माझ्या घरात, माझ्या केबलमधून, माझ्यापासून लपवायचं बोलत होती आणि मी पाटावर बसून ऐकत होते. असं कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण उठले नाही.

धाकटी बोलत राहिली, हळू, कधी प्रश्न, कधी नुसतं हूं. मी खालून बोटं नाचवून सांगत होते, डॉक्टरचं विचार, जावयाचं विचार, दुधाचं विचार. तिनं सगळं विचारलं, माझ्या क्रमानं नाही, पण विचारलं. लेक रडली, मग डोळे पुसले, मग खाली एका कोपऱ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आईला म्हणावं, मोजे फार छान आहेत. काढू नकोस म्हणावं."

परवा म्हणत होती कुठले मोजे. आठवण परत आली म्हणायची. म्हणजे तब्येत सुधारेल.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, तू जा तिकडे. धाकटी बघत राहिली. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही, सुनेला घर आहे, तुला काय आहे, उपटलेला वाफा? ती म्हणाली, जाऊबाई, ती तुमची लेक आहे, नाव तुमचं व्हायला हवं. मी म्हटलं, नावाचं मी बघीन, तू आधी पिशवी भर. मुलानं जावयाला फोन लावला, उद्या तिला डॉक्टरकडे ने म्हणून बजावलं.

शुक्रवार

धाकटी गेली. मुलानं दुधाच्या गाडीतून बसच्या थांब्यापर्यंत सोडलं. मीही गेले, पुढच्या सीटवर. तिच्या हातात पिशवी, डोक्याला रुमाल, चेहरा लहान मुलीसारखा. आत्ता कुठे तिचं पोट भरलं असेल, रोज माझी लेक, रोज माझी नात, तेही हातात. 

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तिकडच्या दुकानात लेकीनं हे मोजे घेतले तिथं आणखी एक जोड मिळाला तर बघ. ती म्हणाली, तिकडे नाहीत हो जाऊबाई, हे मी बाजारातून, आणि थांबली. तेवढ्यात बस आली. पुढे काय म्हणणार होती ते राहिलंच.

तिच्या गच्चीची किल्ली मला देऊन गेली. मी काय करू तिचं?

शनिवार

पोचली. सुनेच्या फोनवर लेक दिसली, मांडीवर बाळ, मागे खिडकी उघडी, आणि धाकटीचा हात, फक्त हात, बाळाच्या मानेखाली. त्या हाताकडे मी फोन बंद होईपर्यंत बघत होते. डॉक्टरनं औषध आणि झोप सांगितली आहे. झोपायला माणूस लागतं, ते आता तिथं आहे.

सूनबाई, तू ही वही चोरून वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून इथंच लिहिते आणि तू तिकडे कळव. रोज चहाच्या वेळेला फोन इथून जाईल, मी लावीन. तिकडे लेकीनं उठायचं नाही, तिला झोपू द्यायचं, जावयानंही हात लावायचा नाही. फोन धाकटीनं उचलायचा, आणि मला सगळं सांगायचं, पहिल्यापासून, काही न गाळता.